भंडारा आणि मिसरी

८ जानेवारी

ज्ञानू आला! कोल्हापूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून, सरकारी जीपने, सरकारी पिशवी घेऊन. गेला तेव्हा गालांत वाटीभर पाणी राहील एवढे खड्डे होते. आला तो दिवाळसणाच्या जावयासारखा. गाल वर, पोट पुढे, केसांना तेल! आत्तीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बायडाबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिला प्रश्न काय, तर "तितं काय खायाला घालत हुती रं तुला?"

नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही. इथे घेते. वही कुणाला सांगणार आहे!

जीपमधून उतरला आणि म्हणाला, "मला लई बरं वाटतंय. पर थोडं भ्या बी वाटतंय." असं कुणी बोलतं का? लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने 'भूक लागली' आणि 'म्हस कुटं हाय' यापलीकडे मला काही सांगितलेलं नाही. तिथे म्हणे रोज सगळ्यांना गोल बसवून मनातलं बोलायला लावतात. मी म्हटलं, "अवं, आदी हातपाय धुवा. भ्या कुटं पळून जात न्हाय."

मग चुलीपुढे बसून एकटीच रडले. आनंदानेच. धूर होताच, कुणाला कळलं नाही.

११ जानेवारी

केंद्राने माणूस धुऊन, इस्त्री करून पाठवलाय. उठला की अंथरुणाची घडी, कोपऱ्याला कोपरा! पहाटेची धारही आता तोच काढतो. आणि बोलणं! काल रेडकू दावं तोडून मेथीच्या वाफ्यात शिरलं. मी बोंब मारली. हा शांतपणे म्हणतो, "मला राग आलाय. पर मी तेला येऊ देतोय."

मी म्हटलं, "तेला येऊ द्या, पर रेडकाला जाऊ देऊ नका!"

आत्ती हळूच मला विचारते, "अनुजे, ह्यो आपलाच हाय न्हवं? का बदली दिलाय त्यांनी?"

१५ जानेवारी, गुरुवार

आज योजनेची पहिली बैठक. डोंगरातल्या धनगरवाड्यांसाठी सरकारने काढलेली योजना: दारू सोडवायची, आणि वर सगळ्यांना 'स्वास्थ्य' द्यायचं. दर गुरुवारी कोल्हापूरहून तहरीम मॅडम येणार, महिन्यातून एकदा डॉक्टर. तहरीम मॅडम समुपदेशक आहेत. वयाने लहान, अंगाने काडी, पण ज्ञानूला तीन वेळा येऊन, समजावून, शेवटी केंद्रात नेलं ते त्यांनीच. मी धनगरवाड्याची आशा सेविका, म्हणून बोलावणं करायचं काम माझं. मी मूळची गडमुडशिंगीची. तिथे दारात बस थांबायची. लग्न होऊन शाहूवाडीच्या या डोंगरात आले, इथे दारात गवा थांबतो. असो.

योजनेत एक नियम आहे. ज्या घरातला माणूस दारू सोडतो त्या घराने सोबत म्हणून आपलंही काही सोडायचं. मॅडमनी बायकांना विचारलं, "तुम्हाला रोज कशाशिवाय चैन पडत नाही?" सगळ्या खाली बघून हसायला लागल्या आणि हसताना सगळ्यांचे काळे दात दिसले. त्यात मीही! महिन्याला एकदा तंबाखूचा तक्ता भिंतीला लावून 'कर्करोग, कर्करोग' म्हणून ओरडणारी मी, आणि कनवटीला मिसरीची डबी. जीभ माझीच वळवळली. म्हटलं, "आमी मिसरी सोडतो." आत्तीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची म्हैसच विकली.

मॅडमनी शपथेचे छापील कागद आणले होते. बिरोबाचे पुजारी गणपतराव (वय विचारलं की "लई" म्हणतात) उठले. "कागदावरची शपत उंदरं खात्यात, पोरी. देवाची हळद मुठीत घेऊन बोला, भंडारा उचला सगळ्यांनी." मॅडम खूश. "किती छान! तुमची स्वतःची पद्धत!" म्हणून फोटो काढायला लागल्या. बायांनी भंडारा उचलला. दारू सोडलेल्या पुरुषांनी उचलला. ज्ञानूने उचलला. गणपतरावांनी मात्र नाही. "म्या उचलून देनार. देनाऱ्यानं उचलायचा नसतोय," असं म्हणाले, गालात तंबाखूची गोळी धरून!

आत्तीचा हात भंडाऱ्यावर जाता जाता थांबला होता. ते मॅडमना दिसलं नाही. मला दिसलं. बिरूभावजी आठवले असणार.

बिरू म्हणजे ज्ञानूचा थोरला भाऊ. माझ्या लग्नानंतर वर्षभरात घडलं ते. दारू सोडतो म्हणून बिरोबापुढे भंडारा उचलला होता त्यांनी. पावसाळाभर राहिले नीट. मग एका लग्नात घेतली. कुणी एक शब्द बोललं नाही, बोलायला ते सापडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेले. शिरोली एमआयडीसीत कुठल्या तरी फाउंड्रीत आहेत म्हणतात. सासरे वारले तेव्हा खालच्या फाट्यापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. भंडारा मोडलेलं तोंड घेऊन देवाच्या वाडीत कसं यायचं, असं म्हणाले. दारूने आत्तीचा मुलगा नेला नाही. दारू प्यायचा तेव्हा तो घरातच होता की!

म्हणून लिहून ठेवते. ज्ञानूची दारू सुटू दे. पण त्याहून आधी, ज्ञानू घर सोडून जाऊ नये. माझं मागणं एवढंच.

दिवेलागणीला तो एकटाच ओढ्याकडे गेला. "मन शांत कराय," म्हणे. तेही केंद्रातच शिकवलंय! बऱ्याच वेळाने आला आणि न जेवता ओट्यावर घोंगडं ओढून झोपला. मन फारच शांत झालेलं दिसतंय.

१६ जानेवारी

मिसरीविना पहिली सकाळ. पोट साफ नाही. डोकं तर नाहीच नाही.

१९ जानेवारी

मी सगळ्यांवर खेकसते आहे. कोंबडीवरसुद्धा. सरकारने दिलेल्या पेस्टने दात घासले, तोंड गोड गोड झालं. गोड तोंडाने कुणाला कामं सुचतात का! हात आपोआप कनवटीकडे जातो आणि रिकामा परत येतो.

ज्ञानूने विचारलं, "काय वाटतंय तुला?"

म्हटलं, "तुमच्या डोक्यात वरवंटा घालावा वाटतंय."

"आसं बोललं की हलकं वाटतंय," म्हणाला. मान खाली घालून म्हणाला. वाटलं, हसतोय.

२४ जानेवारी

मोडला मी भंडारा.

शेजारच्या चिमणाबाईच्या परसातून तवा तापल्याचा आणि त्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला. चिमणाबाईने तर माझ्याबरोबरच भंडारा उचललाय, मग ती भाजते काय? विचारायला म्हणून गेले. ती म्हणाली, "मुंग्या झाल्यात, मुंग्यांवर टाकाय भाजतीया." मी म्हटलं, "आमच्यातबी झाल्यात." मुंग्यांसाठी म्हणून पुडी घेऊन आले आणि गोठ्यात म्हशीच्या आड उभी राहून बोटभर लावली.

आहाहा!

मग दिवसभर देवळाकडे पाठ करून चालले. वाडीत देवळाकडे पाठ करून पाण्याला जायचं म्हणजे उलटं चालावं लागतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

योगाच्या निळ्या मॅटी आल्या. मॅडमनी सगळ्यांना बसवलं. "श्वास आत घ्या… सोडा…" आत्ती म्हणाली, "आतापतोर आमी काय करत हुतो मग?" आडवं झोपून अंग सैल सोडायचं आसन मात्र सगळ्यांना जमलं. चिमणाबाई घोरायला लागली. संध्याकाळी बघते तर आत्तीच्या मॅटवर मिरच्या वाळत घातलेल्या. खाली माती लागत नाही, ऊनही चांगलं धरते म्हणे. सरकारची एक वस्तू तरी पुरती कामाला आली.

वाडीच्या तोंडाला बोर्डही उभा राहिला. 'शंभर टक्के व्यसनमुक्त धनगरवाडा.' अजून कुणाचं काय सुटलं याचा पत्ता नाही आणि बोर्ड तयार! रंगाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "वैनी, मार्च एंडच्या आत लावायचं सांगिटलंय." तालुक्याचे उदयसिंह साहेब येऊन त्यावरचा पडदा काढणार आहेत. म्हणून सध्या बोर्डाला पोत्याचा बुरखा आहे.

बोर्डापाशी ज्ञानू बराच वेळ उभा होता. मी म्हटलं, "वाचता येत न्हाय व्हय?" पोत्याचं टोक नीट खाली ओढलं आणि निघून गेला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मॅडम म्हणाल्या, "दारू सोडलेला माणूस मध्येच एखाद्या वेळी घसरतो. बहुतेक जण घसरतात. घसरलं म्हणून सगळं संपलं असं नसतं. फक्त सांगता आलं पाहिजे. सांगितलं की आम्ही धरू शकतो." मग सगळ्यांकडे बघून, "कुणाला काही सांगायचंय?"

पाच-सहा पुरुष आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलेले. बायका पदर चावत बसलेल्या. आणि गणपतराव मोठ्याने म्हणाले, "हितं कोन घसरत न्हाय, मॅडम. भंडारा उचललाय न्हवं!"

मॅडमनी समाधानाने मान हलवली. मला त्यांची कीव आली, आणि माझीही. मी कमरेला पुडी लावून बसले होते. सांगितलं तर काय होईल? देव कोपेल? वाडी थुंकेल? आत्ती म्हणेल, बिरू गेला तशी तूही जा? एवढ्याशा मिसरीचं मला सांगता येईना, मग दारूचं कुणाला कसं सांगता येणार? हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं आणि बरं वाटलं नाही.

३ मार्च

शिमगा. वाडीत नाही म्हटलं तरी खालून बाटल्या येतातच. मी आज ज्ञानूची सावली होऊन फिरले. तो होळीच्या लाकडांना, मी मागे. तो पाण्याला, मी मागे. तो आडोशाला निघाला, तिथेही निघाले, तेव्हा मात्र वळून म्हणाला, "आता हितं तरी सोड की गं!" पोरं हसली. मला लाज नाही वाटली. राखण करायची तर पुरती करायची.

त्याने काही घेतली नाही. पोळी खाऊन, बोंब मारून, सरळ घरी. मी खूश. बघा म्हणावं, आमचा माणूस! त्याला म्हटलं, "भंडाऱ्यानं राखलं बघा तुमाला." तो उठून गोठ्यात गेला.

१० मार्च, कोल्हापूर

आशांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण. विषय: तंबाखू! मोठ्या पडद्यावर तोंडांची चित्रं दाखवली. बघवत नव्हती. सगळ्या जणी जीभ चावून 'आई गं' करत होत्या. जेवणाच्या सुट्टीत मला राहवेना. गुपचूप बाथरूमकडे गेले, दार ढकललं आणि बघते तर काय! हात धुवायच्या नळांपुढे रांगेने आठ-दहा जणी, सगळ्यांची बोटं तोंडात. कागलची, राधानगरीची, पन्हाळ्याची. सगळे तालुके हजर. क्षणभर कुणीच हललं नाही. मग एक जण तोंड न उघडता म्हणाली, "या की ताई. जागा हाय."

हसून हसून पोट दुखलं. चूळ भरून सगळ्या परत जाऊन बसलो आणि सरांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी तंबाखू वापरतं का?" सगळ्या एका सुरात, "न्हाय सर!"

रात्री मुक्कामाच्या खोलीत ते आठवून हसू आलं नाही. इतक्या जणी, इतक्या शिकलेल्या, आणि एकीलाही हात वर करता आला नाही.

१५ मार्च

निरोप आला. चोवीस तारखेला उदयसिंह साहेब येणार. बोर्डावरचं पोतं काढायचं आणि ज्ञानूचा सत्कार! योजनेतून दारू सोडलेला वाडीतला पहिला माणूस म्हणून शाल आणि नारळ, बिरोबाच्या दारात. मी उड्या मारायच्या बाकी होते. आत्तीने तर आतापासूनच कुणाकुणाला सांगायचं ते बोटांवर मोजलं.

ज्ञानू म्हणाला, "मला नको."

"का वं? लाज वाटती व्हय?"

"न्हाय."

"मग काय वाटतंय?"

"काय न्हाय."

म्हटलं, हे बघा! केंद्रातून आल्यापासून या माणसाला दिवसातून दहा गोष्टी वाटायच्या आणि आज शाल मिळतेय तर काहीच वाटत नाही.

२० मार्च

मी किती आंधळी!

पाच दिवस झाले, ज्ञानू सारखा काम करतोय. गोठ्याचं छप्पर शाकारलं. पावसाळ्याला पुरतील एवढी लाकडं फोडून रचली, मार्च महिन्यात! म्हशीच्या खुराकाचं आत्तीला समजावून सांगितलं. मोबाईलवरून मला फोन कसा लावायचा तेही तिला दोनदा शिकवलं. मी सगळीकडे सांगत सुटले की माझा नवरा सोन्यासारखा झालाय.

आज आत्ती लाकडांच्या रचलेल्या ढिगापुढे उभी होती. हात लावून बघत होती. मला म्हणाली, "अनुजे, बिरूनंबी जायच्या आदी आशीच फोडून ठिवलीती."

म्हणजे त्याने घेतली. कधी? मी कोल्हापुरात होते तेव्हा? विचारू? विचारलं तर नाही म्हणेल. आणि हो म्हणाला तर? भंडारा मोडलाय हे माझ्यासमोर कबूल केल्यावर तो या घरात एक दिवस थांबायचा नाही. मी विचारलं तरी जाणार, नाही विचारलं तरी जाणार. चोवीस तारखेला शाल अंगावर पडायच्या आत जाणार.

मला भीती वाटते. फार भीती वाटते.

२३ मार्च

उद्या काय करायचं ते ठरवलंय. साहेबांपुढे चार शब्द आशाताईने बोलायचे आहेत. दोन घास गेले नाहीत. मिसरी मात्र दोनदा लावली.

२४ मार्च

देवळापुढे मांडव. खुर्चीत साहेब, बाजूला तहरीम मॅडम, समोर वाडी. पोत्यात बोर्ड, ताटात शाल. ज्ञानू पांढरा सदरा घालून बसलेला, पण एकदम कडेला, पायवाटेच्या तोंडाशी. आणि पायात चपला! देवाच्या दारात चपला घालून बसायची आमच्यात रीत नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष दुसरीकडे नव्हतंच.

मला बोलावलं. 'आमची वाडी शंभर टक्के' अशी सुरुवात मला लिहून दिली होती. मी ठरवलेलंच बोलले, "मी भंडारा मोडलाय."

साहेब हसले. त्यांना वाटलं बाई विनोद करतेय.

"मिसरी सोडतो म्हणून देवापुढं उचलला. धा दिस बी न्हाय निभला. तवापासनं रोज लावतीया. ट्रेनिंगला बी लावली. आज सकाळी बी." मी मांडवाचा खांब धरला. "मला कुनाला सांगता येईना. वाटलं, मोडला म्हंजी आता आपुन ह्या वाडीचं न्हाय. पर मला कुटं जायाचं न्हाय. मी हितंच ऱ्हानार हाय. काय बोलायचं ते बोला."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. मी ज्ञानूकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलणं संपवताच आलं नसतं.

आणि आत्ती उठली! गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. "मीबी लावतीया. पर माझं औशीद म्हनून. दात दुखत्यात."

चिमणाबाई म्हणाली, "तुला दात हाईत कुटं?"

"हिरड्या दुखत्यात! तुजं काय, मुंग्यांस्नी दात फुटल्यात व्हय, तंबाकू भाजतीस ती?"

मांडव फुटला हसून. चिमणाबाई पदर तोंडावर घेऊन "मीबी" म्हणाली. मग एकेक, सगळी बायकांची रांग. पुरुषांकडचं हसणं मात्र लवकर थांबलं. ते आपले अंगठ्याकडे.

तेव्हा कडेने आवाज आला. ज्ञानूचा. "आज्जा," गणपतरावांना विचारत होता, "मोडल्याला भंडारा परत उचलता येतोय व्हय?"

गणपतरावांनी गोळी या गालातून त्या गालात घेतली. मग म्हणाले, "म्या रोज सकाळी देवाला भंडारा लावतोय. सांजच्यापतोर पुसून जातोय. दुसऱ्या दिशी परत लावतोय. इतकी वर्सं झाली, देवानं एकदा बी इचारलं न्हाय, काल लावलावतास त्येचं काय झालं म्हनून."

हे देव बोलला की गालातली तंबाखू बोलली, मला सांगता यायचं नाही. पण बोललं ते खरं.

साहेब कासावीस. "अहो, पण बोर्डावर शंभर टक्के लिहिलंय! त्याचं काय करायचं?"

आत्ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. म्हशी अंग घासत्यात त्येला."

मॅडमचे डोळे भरलेले. माझा हात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी मी फोटो काढत बसले, ताई. भंडारा उचलला म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी विचारायला हवं होतं." मग साहेबांना स्पष्टच सांगितलं, "आज सत्कार नको. पुढच्या गुरुवारी मी येते, औषधं घेऊन डॉक्टरांनाही आणते, आणि ज्याला जे सांगायचं ते तेव्हा सांगू दे." साहेब म्हणाले, "बघू. रिपोर्टमध्ये काहीतरी शब्द बसवू." वाईट माणूस नाही. चहा दोनदा घेतला.

ज्ञानूने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पुढे येऊन बसला.

२५ मार्च

पहाटे धार काढता काढता त्याने सांगितलं. म्हशीकडे तोंड करून. घेतली होती. मी कोल्हापुरात होते तेव्हा नाही, शिमग्यालाही नाही. भंडारा उचलला त्याच संध्याकाळी. बिरूभावजींसारखं आपल्या हातून मोडेल, या भीतीनेच गेला आणि मोडूनच आला. तेवढी एकदाच. त्यानंतर थेंब नाही. जायची पिशवी तेव्हापासून माळ्यावर भरून ठेवलीय. रोज उठून निघायचं ठरवायचा, आणि रोज म्हणायचा, एवढी धार काढून जावं.

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच शेणात बसून रडले. तो घाबरला. "आगं, काय तरी बोल की."

म्हटलं, "उद्याची धार बी तुमीच काढा."

"काढतो," म्हणाला.